काटा खोटा आहे

दिवाळी आली की आपल्याकडे दोन गोष्टींना ऊत येतो. एक फराळाला आणि दुसरा फराळावरच्या उपदेशाला. करंज्यांचे ताट पुढे सरकवणारा गृहस्थच पाहुण्याच्या पोटाकडे पाहून म्हणतो, "काय हो, अंगाने बरेच भरलात!" मग साखर सोडा, भात सोडा, पहाटे उठून चाला, अशी सल्ल्यांची आतषबाजी सुरू होते. अलीकडे या सल्ल्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. मंडळी आवाज किंचित खाली आणून विचारतात, "सुई घेता का? कोणती? रोजची की आठवड्याची? किती किलो उतरले?"

ही चौकशी पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांतून निघून आमच्या वाशीपर्यंत येऊन पोहोचली आहे. ज्या गावात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर कधी येणार ही मोठी बातमी असते, त्या गावात आता मुंबईहून सणाला आलेला भाचा मामांना दोन औषधांतला फरक समजावून सांगतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्ञान कुठूनही यावे. माझे भांडण त्या शेवटच्या प्रश्नाशी आहे. किती किलो उतरले? या एकाच प्रश्नावर औषधांची तुलना होते, माणसांची होते आणि लग्नाच्या मुलींची तर होतेच होते. माझे म्हणणे असे की, ज्या काट्यावर आपण हे सारे तोलतो, तो काटाच खोटा आहे.

मी डॉक्टर नाही. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटापाण्याचा उद्योग मास्तरकीचा आणि छंद कादंबऱ्या लिहिण्याचा. परंतु जे मुलांना समजावून सांगता येत नाही ते आपल्यालाच समजलेले नाही, असा शाळेतला माझा नियम आहे. तोच मी औषधांनाही लावतो. तेव्हा ही सुई म्हणजे काय ते आधी सांगतो. भांडण मागाहून.

तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली कवड्यांची माळ आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पेप्टाइड म्हणजे तशीच एक माळ. तीत कवड्यांऐवजी अमिनो आम्ले ओवलेली असतात, एवढाच फरक. माळ लांबलचक असली तर तिला प्रथिन म्हणतात, आखूड असली तर पेप्टाइड. कोणत्या कवड्या कोणत्या क्रमाने ओवल्या यावर माळेचा गुण ठरतो. इन्शुलिन ही ५१ कवड्यांची दोनपदरी माळ आहे. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाची तीस-एकतीस कवड्यांची माळ रक्तात सुटते. ती स्वादुपिंडाला सांगते, साखर चढते आहे, इन्शुलिन सोड. जठराला सांगते, जरा सावकाश. आणि मेंदूला सांगते, आता पुरे. मात्र निसर्गाची ही माळ दोन-तीन मिनिटांत तुटून जाते.

अमेरिकेच्या वाळवंटी भागात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे. त्याच्या विषात जॉन एंग नावाच्या संशोधकाला १९९० नंतरच्या वर्षांत अशीच, पण इतक्या लवकर न तुटणारी माळ सापडली. तिच्यावरून तयार झालेले औषध २००५ मध्ये तिकडे मधुमेहासाठी मंजूर झाले. पुढे लिराग्लुटाइड आले, ते रोज टोचावे लागे. मग सेमाग्लुटाइड आले. त्याला शास्त्रज्ञांनी चरबीची अशी एक शेपटी जोडली की, ते रक्तातल्या प्रथिनाला धरून राहते आणि आठवड्यातून एकदा टोचले तरी पुरते. त्यामागून टिर्झेपाटाइड आले. ही ३९ कवड्यांची माळ जीएलपी-१ बरोबरच जीआयपी नावाच्या आतड्यातल्या दुसऱ्या निरोप्याचेही काम करते. भारतात टिर्झेपाटाइड 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये आले आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड 'वेगोवी' या नावाने जून २०२५ मध्ये.

आता भाच्याचा हिशेब. मोठमोठ्या प्रयोगांत लिराग्लुटाइडने सरासरी ८ टक्के वजन उतरले. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सुमारे १५ टक्के उतरले. टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत जवळजवळ २१ टक्के उतरले. पुढे २०२५ मध्ये या दोन औषधांची समोरासमोर झुंज लावलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात टिर्झेपाटाइडचे २०.२ टक्के भरले, तर सेमाग्लुटाइडचे १३.७. म्हणजे पैज टिर्झेपाटाइडने जिंकली. शंकरपटातली बैलजोड्यांची शर्यत असती, तर फेटा उडवून घरी जायला हरकत नव्हती.

परंतु ही माणसांची गोष्ट आहे. तेव्हा पहिला प्रश्न असा की, त्या काट्यावर उभे होते कोण? सेमाग्लुटाइडच्या त्या प्रयोगातल्या माणसांचे सुरुवातीचे सरासरी वजन होते १०५ किलो. टिर्झेपाटाइडच्याही जवळजवळ तितकेच. आमच्या वाशीच्या आठवडी बाजारात उभे राहून मोजा. एकशेपाच किलोची माणसे किती भेटतील? भेटतील ती ६० किलोची, ५५ किलोची, हातापायांच्या काटक्या आणि सदऱ्याआड पोटाचा नगारा असलेली. वजनाचा काटा त्यांना 'ठीक आहे' म्हणून सोडून देतो, आणि रक्त तपासले की साखर निघते.

हे कोडे सोडवण्याचा ध्यास घेतलेला माणूस पुण्याचाच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापून आले. वजन आणि उंचीचा जो भागाकार करतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. काट्याच्या दृष्टीने दोघेही सडपातळ. परंतु अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के, आणि आमच्या याज्ञिकांची २१.२ टक्के! काटा सारखा, माणूस सारखा नाही. बाहेरून कृश आणि आतून चरबीचा, असा आपला भारतीय देह आहे.

तो असा का, याचा शोध याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून घेतला. तिथल्या बायांचे गरोदर राहण्यापूर्वीचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळे जन्मली २.७ किलोची. इंग्लंडातल्या साऊदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपले बाळ लहान, हे कुणीही सांगेल. पण आपल्या बाळाचे मांस कमी होते, पोटातले अवयव लहान होते, आणि चरबी मात्र त्याने जवळजवळ राखून ठेवली होती. आईच्या पोटात उपास पडला, म्हणून त्याने बाकी सारे कमी करून चरबीची पुरचुंडी तेवढी कनवटीला लावली, असे मी माझ्या भाषेत म्हणतो. ही बाळे अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक मुलग्यांच्या आणि सुमारे १८ टक्के मुलींच्या रक्तात साखर मर्यादेबाहेर चढू लागली होती. ही पोरे शेतकऱ्यांची होती, आणि लठ्ठ नव्हती.

वाचकहो, आता पुन्हा विचारा, किती किलो उतरले? ज्याच्या अंगावर मुळात मांसच थोडे, त्याने हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे काय? या औषधांनी उतरते ते वजन सगळे चरबीचे नसते. सेमाग्लुटाइडच्या प्रयोगातल्या काही माणसांची अंगरचना यंत्राने मोजली, तेव्हा गेलेल्या वजनात सुमारे ४० टक्के भाग चरबीखेरीजचा निघाला. टिर्झेपाटाइडच्या तशाच मोजणीत तो सुमारे २५ टक्के होता. हे दोन वेगळे प्रयोग असल्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी थेट भिडवू नयेत, पण बोध एकच आहे. चरबीबरोबर मांसही जाते. एकशेपाच किलोच्या गोऱ्या गृहस्थाला ते कदाचित परवडेल. आमच्याकडच्या साठ किलोच्या, मांड्या वाळलेल्या म्हाताऱ्याला परवडेल काय? त्याचे पोट किती इंच उतरले, साखर किती उतरली आणि खुर्चीवरून हात न टेकता तो उठतो की नाही, हे विचारायला पाहिजे. यातले एकही वजनाच्या काट्यावर दिसत नाही. म्हणूनच भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या वर गेली की सावध व्हावे, असे आपले डॉक्टर सांगतात. शिंप्याची टेप या कामाला पुरते.

दुसरा प्रश्न, सुई थांबवल्यावर काय? सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांनी ते बंद केले, आणि वर्षभरात उतरलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत आले. यात नवल नाही. माळ गेली, निरोप थांबला, भूक परतली. म्हणजे हे औषध रक्तदाबाच्या गोळीसारखे वर्षानुवर्षे घेण्याचे आहे. लग्नापूर्वी चार महिने टोचून घ्यायचे आणि मांडवातून बाहेर पडताना सोडून द्यायचे, असे ते नाही. 'एकदा दहा किलो उतरवू, मग पाहू' म्हणणाऱ्या आईबापांनी हे आधी ऐकावे. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्रास नेहमीचे आहेत. पित्ताशयाचे खडे आणि क्वचित स्वादुपिंडाची सूज हेही आहे. मूल होण्याचा विचार असेल तर हे औषध चालत नाही. लग्न ठरलेल्या मुलीला वजनासाठी ही सुई सुचवणाऱ्यांना यातले शेवटचे वाक्य ठाऊक असते काय?

तिसरा प्रश्न पैशाचा आहे, आणि त्यावर माझे माथे तापते. बाजारात आली तेव्हा मौंजारोची आठवड्याची कुपी ३,५०० ते ४,३७५ रुपयांची होती, आणि वेगोवीचा महिन्याचा खर्च १७,३४५ रुपयांपासून पुढे. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे एका आठवड्याच्या कुपीसाठी अकरा दिवसांहून अधिक खोदकाम करायचे. आठवड्यात दिवस सातच असतात. शंभर वर्षांपूर्वी, १९२३ मध्ये, बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्शुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकले. तीही पेप्टाइडचीच माळ होती, आणि तिने तर मरणाऱ्या पोरांना उठवून बसवले. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटाची मुदत मार्च २०२६ ची. मुदत सरली की देशी कारखान्यांना तेच औषध करण्याची मोकळीक मिळते आणि किंमत उतरते, असा आजवरच्या औषधांचा अनुभव आहे. किंमत उतरावी, जरूर उतरावी. पण स्वस्त झालेली वस्तू चिठ्ठीवाचून विकण्याची आपल्या बाजाराला खोड आहे. वजन उतरवण्याची जाहिरात आणि स्वस्त सुई एकत्र आली, तर पहिले गिऱ्हाईक आरसा होईल, रोगी नव्हे.

इथपर्यंत वाचून उपदेशक मंडळी खूश झाली असतील. "आम्ही म्हणतच होतो! सुया कसल्या घेता? जिभेवर ताबा ठेवा!" थांबा. आता तुमची पाळी. या औषधांनी कोणती एक गोष्ट पक्की सिद्ध केली असेल, तर ती ही की, भूक ही चारित्र्याची बाब नाही. तीस कवड्यांची माळ रक्तात राहिली की माणूस अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठतो, आणि गेली की तोच माणूस पुन्हा दोन मागतो. त्या आठवड्यात तो साधू झाला नव्हता आणि पुढच्या आठवड्यात पापी झाला नाही. तरीही वर्गात एखादे जाड पोर असले की, पोरांच्या आधी आम्ही मोठी माणसेच त्याला 'भोपळ्या' म्हणून हाक मारतो. असे नाव पडलेली मुले डबा पिशवीत लपवून खातात, कवायतीच्या तासाला पोट दुखते म्हणतात, आणि स्नेहसंमेलनात रंगमंचावर यायला नकार देतात. हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. एवढ्या उपदेशाने त्यांतल्या एकाचेही वजन उतरलेले मी पाहिले नाही.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घरोघर दोन तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे दोन वेळाच जेवणे खरे, की ऋजुता दिवेकर यांचे थोडे थोडे वरचेवर खाणे खरे? जेवणाच्या पंगतींतून वाद रंगले, मेव्हणे मेव्हण्यांशी बोलेनासे झाले. दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. परंतु त्या वादातही शेवटी मोजमाप एकच, किती किलो उतरले. आणि ज्याच्या ताटात दोन वेळाही भरवशाच्या नाहीत, त्याचा उल्लेख दोन्ही तटांच्या वादात क्वचितच झाला.

"मग मास्तर, सुई घ्यावी की घेऊ नये, ते एकदा सांगा!" सांगतो. ज्याला हृदयरोग आहे आणि वजनही फार आहे, अशा १७ हजारांहून अधिक लोकांवर सेमाग्लुटाइडचा प्रयोग झाला. त्यांना मधुमेह नव्हता. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने येणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. २०२४ मध्ये मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या रोग्यांतही या औषधाचा चांगला उपयोग दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, ती मधुमेहाबरोबर लठ्ठपणा आणि हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकारही असलेल्या रोग्यांसाठी. तेव्हा अशा माणसाला डॉक्टरांनी सुई सांगितली, तर त्याने ती निःशंक घ्यावी. त्याला 'सोपा मार्ग शोधतोस' म्हणून टोमणा मारणाऱ्याने आधी स्वतःचा चष्मा काढून ठेवावा. तोही सोपाच मार्ग आहे! उलट, ज्याची साखर साध्या, काही रुपयांच्या मेटफॉर्मिनने ताब्यात राहते, ज्याचे हृदय आणि मूत्रपिंड ठीक आहेत, त्याने भाच्याच्या सांगण्यावरून घर गहाण टाकू नये. आणि उपासमारीतून जडणारा मधुमेह म्हणून एक प्रकार आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला 'पाचवा प्रकार' असे नाव दिले. त्यात रोगी आधीच हाडांचा सापळा असतो. त्याला वजन उतरवणारे औषध देणे म्हणजे दुष्काळात विहीर बुजवणे होय.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. पुण्याजवळच्या त्याच खेड्यांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गरोदर बायांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर होते, त्यांची बाळे अधिक भरली होती. पालेभाजी, फळ, दूध! यातल्या कशालाच पेटंट नाही. आता आमच्या भागाकडे पाहा. भूम-वाशीकडचे दूध पहाटे डेअरीत जाते नाहीतर खव्याच्या भट्टीवर. तो खवा पेढा होऊन शहरांतल्या दिवाळीला पोहोचतो, आणि ज्या घरची म्हैस, त्या घरची पोटुशी सून कोऱ्या चहात भाकर बुडवते. घरात सगळ्यांच्या मागून जेवते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची कित्येक जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे उसावर जातात. त्यांतली एखादी पाचव्या-सहाव्या महिन्याची पोटुशी असते आणि मोळ्या डोक्यावर वाहते. ती जी साखर पिकवते, ती तिच्या ताटात येत नाही. तीस-चाळीस वर्षांनी तिच्या मुलाच्या रक्तात येते. मग आम्ही त्या मुलाला सांगणार, बाबा, जिभेवर ताबा ठेवला नाहीस, आता दर आठवड्याला साडेतीन हजारांची सुई घे!

औषधांची तुलना करणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, तुलना जरूर करा, पण सगळ्यांची करा. एका पारड्यात सेमाग्लुटाइड घाला, दुसऱ्यात टिर्झेपाटाइड. तिसऱ्यात काही रुपयांची मेटफॉर्मिन आणि चौथ्यात गरोदर बाईचा दुधाचा पेला. मग विचारा, एका रुपयात कोणी किती आयुष्य वाचवले. ही तुलना कंपनी करणार नाही, कारण दुधाच्या पेल्यात तिला नफा नाही. ती सरकारला करावी लागेल, आणि सरकारला ती करायला आपण लावले पाहिजे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक तिशीपुढच्या माणसाची कंबर मोजली जावी आणि साखर तपासली जावी, मग तो कितीही वाळका दिसो. ज्यांच्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला या नव्या औषधांची खरी गरज आहे, त्यांना ती सरकारी खर्चाने मिळावीत. ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईचा आहार तिच्या गावच्या अंगणवाडीच्या वहीत अडकून न पडता उसाच्या फडापर्यंत तिच्यामागे जावा. धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. आकांक्षा धरायचीच, तर आधी ही धरा.

आणि हा अंक हातात घेऊन फराळाला बसलेल्या मंडळींना एवढेच सांगतो. पाहुण्याला वजन विचारू नका. घरातल्या जाड पोराला नाव ठेवू नका. पन्नाशीतल्या दादांची, आणि त्यांच्याइतकीच वहिनींचीही, साखर भाऊबीजेनंतर तपासून घ्या. शिलाईच्या डब्यातली टेप बाहेर काढा. घरात पोटुशी लेक किंवा सून असेल, तर दुधाचा पहिला पेला तिच्या हातात द्या, आणि तिला पहिल्या पंगतीला बसवा. करंज्या आहेतच.